थंड मुलखातील द्राक्षे व त्यांचे सेंद्रिय पांढरे मद्य

एका बागाईतदार स्नेह्यांनी आम्हांस विचारले की, अमेरिकेच्या बर्फाळ मुलखात द्राक्षे होतात व त्यांचे सेंद्रिय पांढरे मद्यही निघते, हे खरे काय? आणि खरे असल्यास तो वेल आपल्याकडे आणावा काय? आम्ही जन्मभर महसूल खात्यात कारकुनी केली. द्राक्षबाग केलेली नाही. तथापि माहिती जमवून क्रमवार मांडण्याची सवय जुनी असल्यामुळे, या विषयी जे समजून घेतले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वेलाची जात :— युरोपातील जुना द्राक्षवेल, ज्याच्या जाती नाशिककडे मद्यासाठी लावतात, तो शून्याखाली २० ते २५ अंश सेंटिग्रेड थंडीत सहसा टिकत नाही. त्याचे डोळे मरतात. अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात थंडी याहूनही खाली जाते. तेथे नदीकाठी रिपारिया नावाचा रानवेल आपोआप वाढतो. त्यास ही थंडी बाधत नाही. मात्र त्याचे मणी बारीक व अतिशय आंबट असतात. या रानवेलाचा चांगल्या फळाच्या जातींशी संकर करण्याचे काम विस्कॉन्सिन प्रांतातील ऑसिओला गावाजवळचे दुभत्याचा धंदा करणारे शेतकरी एल्मर स्वेन्सन यांनी १९४३ पासून आपल्या शेतावर चालविले. त्यांच्या वाणांच्या आधारे मिनेसोटा विद्यापीठाने २००२ साली ‘ला क्रेसेंट’ हा पांढरा वाण काढला. तो शून्याखाली सुमारे ३४ अंशांपर्यंत तग धरतो व त्याच्या रसास जर्दाळूसारखा सुगंध येतो. त्याच विद्यापीठाने २०१७ साली ‘इटास्का’ हा कमी आंबट पांढरा वाण प्रसृत केला.

बाग :— सेंद्रिय म्हणविण्यासाठी तेथील कायद्याप्रमाणे पीक काढण्यापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीत निषिद्ध खत वा औषध पडलेले नसावे लागते. गंधक आणि मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण चालते. परंतु मोरचुदातील तांबे जमिनीत साचत जाते. म्हणूनच युरोपात २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोहून अधिक तांबे घालण्यास मनाई आहे. ला क्रेसेंटच्या पानांवर केवडा लवकर पडतो. इटास्का केवड्यास व भुरीस बराच दाद देत नाही. तेव्हा सेंद्रिय बागेत पहिली फवारणी म्हणजे वाणाची निवड होय.

रस व आंबवण :— घड सकाळच्या गारव्यात तोडावे. कुजके, फुटके मणी हातांनी निवडून टाकावे. या कामी आळस केल्यास पुढे औषधाने भरपाई होत नाही. मग लगेच दाबून रस काढावा व साली वेगळ्या कराव्या. रस एक रात्र थंड जागी निवळू द्यावा, गाळावरून हलकेच दुसऱ्या भांड्यात काढावा व त्यास यीस्ट लावावे. उष्णमान १२ ते १५ अंश राखल्यास रस सावकाश आंबतो व सुगंध उडून जात नाही. आंबणे संपल्यावर भांडे काठोकाठ भरलेले ठेवावे; रिकाम्या जागेतील हवा मद्यास बिघडविते.

आंबटपणाची अडचण :— खरी कसोटी येथेच आहे. द्राक्षात मुख्यतः टार्टारिक व मॅलिक अशी दोन आम्ले असतात. मॅलिक आम्ल उन्हाच्या तापाने मण्यातच खर्ची पडते. थंड मुलखात ते तसेच राहते. त्यामुळे ला क्रेसेंटच्या रसात साखर भरपूर असूनही लिटरमागे १० ग्रॅमहून अधिक आम्ल पुष्कळदा सापडते. हिवाळ्याच्या थंडीत भांड्याच्या तळाशी खडे जमतात, ते टार्टारिकचे. खडूची भुकटी घातली तर तीही मुख्यतः टार्टारिकच काढते. मॅलिक कमी करणारे जिवाणू आहेत, परंतु ते अतिआंबट रसात नीट वाढत नाहीत, आणि वाढल्यास मद्यास लोण्याचा वास येऊन जर्दाळूचा सुगंध झाकला जातो.

सामान्य कारखानदार यावर सोपा तोडगा काढतो : थोडी साखर शिल्लक ठेवतो, म्हणजे आंबटपणा जिभेस टोचत नाही. पण शिल्लक साखर बाटलीत पुन्हा आंबू नये म्हणून गंधकाचे क्षार, म्हणजे सल्फाइट, घालावे लागतात. अमेरिकेत नुसते ‘सेंद्रिय मद्य’ असे लिहावयाचे तर वरून सल्फाइट मुळीच घालता येत नाही. ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेले’ असे लिहिल्यास एकंदर प्रमाण दशलक्ष भागांत १०० पर्यंत चालते. म्हणून पहिल्या मार्गाने जाणाऱ्याने सर्व साखर आंबवून टाकावी व तोडणी थोडी उशिरा करून, किंवा कमी आंबट वाणाचा रस मिसळून, चव सांभाळावी. काहीजण मोजकी साखर राहिली असता जाड बाटलीत भरून फेसाळ मद्य करतात. मोजमाप चुकल्यास बाटली फुटते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जो आंबटपणा जिभेस नको, तोच मद्य राखतो. आंबट रसात नासविणारे जिवाणू सहज शिरत नाहीत. वैरी आणि राखणदार एकच असल्यामुळे त्यास हाकलून चालत नाही, आवरून ठेवावे लागते.

आपणांस बोध :— तो वेल येथे आणावा असे आम्हांस वाटत नाही. त्याचे मोल थंडी सोसण्यात आहे, व तेवढी थंडी आपल्याकडे पडत नाही. शिवाय दिवस लहान होताच वाढ थांबविण्याचा रिपारियाचा स्वभाव आहे, आणि आपला हंगाम तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतरच्या लहान दिवसांतच चालतो. आपली अडचण उलट आहे : उन्हाने साखर चढते व आम्ल उतरते. म्हणून मद्याची द्राक्षे लावणाऱ्याने साखरेबरोबर आम्लाचीही नोंद ठेवावी व आम्ल फार उतरण्यापूर्वी घड तोडावे. विक्रीसाठी मद्य करावयाचे तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आधी घ्यावा, हे निराळे सांगणे नलगे.

आम्ही पुष्कळ सातबारे पाहिले. उताऱ्यावर ‘ऊस’ लिहिल्याने शेतात ऊस उभा राहत नाही. बाटलीवरील ‘सेंद्रिय’ या अक्षरांचेही तसेच आहे. ती खरी ठरतात ती वाण निवडताना, घड निवडताना व भांडे धुताना.