रंगाचे पैसे डिपॉझिटमधून का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने बुधवारी, 2 जून 2021 ला आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. घराचं डिपॉझिट आता दोनच महिन्यांच्या किरायाएवढं, असं मानून वर्ध्यातले भाडेकरू सुखावले असतील, तर ती घाई होती. घरभाडं हा राज्याचा विषय. मुंबईत विधिमंडळ तसा कायदा करत नाही तोवर इथे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाच चालणार. त्याचं कलम 56 मालकाला डिपॉझिट घेऊ देतं. किती घ्यावं, याला मर्यादा घालत नाही.

मला मात्र आदर्श कायद्यातलं दुसरं परिशिष्ट जास्त मोलाचं वाटतं. भिंतींची रंगसफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, नळाचे पाइप बदलणं ही कामं तिथे मालकाकडे दिली आहेत. नळाची दुरुस्ती, स्विच, खिडकीची फुटलेली काच भाडेकरूकडे. वर्ध्याजवळच्या सावंगी मेघे किंवा सेवाग्रामात खोली सोडणाऱ्या पोरांचं डिपॉझिट बहुधा रंगातच जातं, म्हणून हे महत्त्वाचं. खरं तर वापराने होणारी वाजवी झीज भाडेकरूच्या माथी मारायची नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 1882 पासून आहे. तो नियम भाडेपट्ट्यासाठी लिहिलेला असला, तरी ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या करारालाही तोच न्याय हवा. तीन वर्षं राहिल्यावर भिंती मळणारच. त्याचा मोबदला किरायातच आला. बेसिन फोडलं असेल तर पैसे जरूर कापा, पण बिल दाखवून.

1999 च्या राज्य कायद्यातही भाडेकरूच्या हाती एक भक्कम कलम आहे, आणि ते कुणी वापरत नाही याची खंत वाटते. कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अगदी 11 महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं; उलट सिद्ध करणं मालकावर येतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तरीही स्टॅम्पपेपरवर नोटरी करून काम भागवलं जातं. त्यात वाचतं तरी काय? किराया 4,000, डिपॉझिट 10,000, मुदत 11 महिने धरा. एकूण किराया आणि डिपॉझिटवरचं 10 टक्के मानीव व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्यावर 2021 च्या दराने पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे 112 रुपये. वर नोंदणी फी, ग्रामीण हद्दीत तेव्हा 500. एवढ्यासाठी दहा हजारांचा पुरावा सोडून द्यायचा?

2020 च्या टाळेबंदीत कागद नसण्याचा तोटा फार जाणवला. पोरं गावी गेली, सामान खोलीत अडकलं. 17 एप्रिल 2020 ला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला, कुणाला घराबाहेर काढू नका, अशा सूचना दिल्या. पण पुढे ढकलणं म्हणजे माफी नव्हे. किती महिन्यांचा किराया डिपॉझिटातून वळता करायचा, यावर कागदच नसेल तर वाद घालायचा कशाच्या जोरावर?

पैसे अडकलेच असतील, तर आधी लेखी नोटीस द्या. डिपॉझिट बँकेतून दिल्याची नोंद, किरायाच्या पावत्या (पावती देणं मालकाला बंधनकारक आहे) आणि चावी परत करताना काढलेले खोलीचे फोटो जपून ठेवा. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करता येतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं. नाही जमलं तर दिवाणी दावा. पैसे देय झाल्यापासून त्याला तीन वर्षांची मुदत आहे.