संगणकाच्या स्पीकरमधील सूऽऽ आवाज : कारणे व उपाय



मुळशी तालुक्यातील एका अभ्यासिकेत संगणकावर तोंडी गणिताचा ध्वनिमुद्रित पाठ चालू होता. मागच्या रांगेतील काही मुलांनी 'साठ' ऐवजी 'आठ' लिहिले. आम्ही मागे जाऊन बसलो तेव्हा कारण कळले. स्पीकरमधून सतत सूऽऽ असा आवाज येत होता आणि त्यात 'स' बुडून जात होता. स, श, फ ही व्यंजने हवेच्या उंच पट्टीतील घर्षणाने उमटतात आणि स्पीकरचा सूऽऽ आवाजही त्याच जातीचा असतो. म्हणून हा दोष किरकोळ समजू नये.

प्रथम दोन आवाजांतील फरक ओळखावा. सूऽऽ हा आवाज विद्युत मंडलातील इलेक्ट्रॉनांच्या सततच्या हालचालीतून निर्माण होतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी तो मोजला व नायक्विस्ट यांनी त्याची उपपत्ती मांडली. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. उष्णता आहे तोवर हा आवाज शून्य होत नाही. घूंऽऽ हा आवाज मात्र विजेच्या तारांतून येतो. मुळशी धरणाचे पाणी ज्या भिरा वीजगृहात उतरते, तेथे १९२७ साली वीजनिर्मिती सुरू झाली. तेथील काय किंवा देशातील अन्य वीजगृहांतील काय, आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तीच आवर्तने स्पीकरमध्ये शिरली की घूंऽऽ ऐकू येते.

सूऽऽ आवाजावरचा उपाय एका तत्त्वात सामावला आहे : ध्वनी सुरुवातीलाच जोरकस करावा, शेवटी कमी वाढवावा. याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. आकाशातून येणारे संकेत अत्यंत क्षीण असतात. म्हणून ते अँटेनापाशीच, स्वतःचा गोंगाट कमीत कमी असणाऱ्या वर्धकाने वाढवून मग पुढे पाठवतात. पुढच्या टप्प्यांत मिसळणारा गोंगाट त्यामुळे तुलनेने नगण्य ठरतो.

आपल्या अभ्यासिकेत याच्या नेमके उलट झाले होते. संगणकातील आवाज अगदी कमी आणि स्पीकरचे बटण पूर्ण फिरवलेले! क्षीण ध्वनीबरोबर सूऽऽ आवाजही तितकाच वाढत होता. तेव्हा खालील क्रमाने तपासणी करावी.

१. संगणकावरील आवाज सुमारे ८० ते ९० टक्क्यांवर ठेवावा. फाटल्यासारखा वाटल्यास थोडा कमी करावा. त्यानंतर स्पीकरचे बटण शून्यापासून गरजेपुरतेच वाढवावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

२. संगणकाच्या ध्वनी-मांडणीत मायक्रोफोनचा आवाज थेट स्पीकरला जात असेल तर तो बंद करावा. न वापरलेला माईकही गोंगाट आत आणतो.

३. स्पीकर चालू ठेवून, त्याचे बटण कमी करून, ध्वनीची वायर स्पीकरच्या बाजूने काढावी व बटण पुन्हा पूर्वीइतके करावे. सूऽऽ आवाज तसाच राहिला तर तो स्पीकरच्या आतील वर्धकाचा आहे. संगणकाशी झटापट करू नये. थांबला तर तो संगणकाकडून येतो. संगणकाच्या पेटीत पंखे, डिस्क व वीजपुरवठा यांची गर्दी असते. अशा वेळी यूएसबीला जोडायचे बाहेरचे छोटे साऊंड कार्ड उपयोगी पडते.

४. घूंऽऽ आवाज असल्यास संगणक व स्पीकर यांचे प्लग एकाच बोर्डात लावावेत. दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून विजेचे वर्तुळ तयार झाले की हा आवाज येतो. तरीही न थांबल्यास ध्वनीच्या वायरीत बसवायचा आयसोलेटर मिळतो. त्यातील लहान ट्रान्सफॉर्मरमुळे ध्वनी पुढे जातो, पण दोन्ही उपकरणांचा तारेचा थेट संबंध तुटतो.

५. ध्वनीची वायर विजेच्या वायरीला समांतर गुंडाळू नये. मोबाईल स्पीकरपासून दूर ठेवावा; मध्येच येणारी टर्रर्र बहुधा त्याचीच असते. आपल्याकडील पावसाळी दमटपणाने पिनेवर थर चढतो. सर्व बंद करून पीन कोरड्या कापडाने पुसावी.

एक गोष्ट बजावून सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. घूंऽऽ आवाज घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची जाड पीन काढून टाका, असा सल्ला कोणी ना कोणी देतोच. तो कदापि मानू नये. ती पीन अर्थिंगची आहे. उपकरणाच्या धातूच्या भागात वीज उतरल्यास तिला जमिनीत वाट देणारी तीच असते. ती नसल्यास वीज हात लावणाऱ्याच्या शरीरातून जाते. अर्थिंगबद्दल शंका असल्यास परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे, कारण कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही.

ट्रेबलचे बटण उतरवले की सूऽऽ कमी होतो, पण त्याबरोबर स आणि श देखील पुसट होतात. पाठ ऐकायचा असेल तर तो मोह टाळावा. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणात मूळचाच सूऽऽ असेल, तर स्पीकर बदलूनही तो जाणार नाही. दुसरे स्वच्छ ध्वनिमुद्रण लावून पाहिले की हे लगेच समजते.

सर्व उपाय झाल्यावर सात, साठ, आठ, साहा असे आकडे स्वतःच्या आवाजात मुद्रित करून लावावेत आणि शेवटच्या रांगेतील मुलांना लिहायला सांगावे. स्पीकरला कान लावल्यावर थोडा सूऽऽ ऐकू आला तरी हरकत नाही. वहीत 'साठ' हा 'साठ' असाच उतरला, की काम झाले असे समजावे.