उशीर झालेला भला माणूस

१९७०चा डिसेंबर, अमेरिकेतलं प्रिन्स्टन. पाद्री व्हायला निघालेल्या तरुणांच्या सेमिनरीत जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक बनाव रचला. एकेका विद्यार्थ्याला बोलावून सांगायचं, की पलीकडच्या इमारतीत जाऊन तीन ते पाच मिनिटांचं छोटंसं भाषण करायचंय. निम्म्यांना विषय दिला नोकरीचा, म्हणजे इथून बाहेर पडल्यावर आपल्याला कोणती कामं जमतील याचा. उरलेल्यांना दिली बायबलातली शोमरोन्याची गोष्ट. यरुशलेमहून यरीहोला जाणारा एक वाटसरू लुटारूंच्या हाती सापडतो आणि अर्धमेला होऊन पडतो. याजक येतो, बघतो, निघून जातो. लेवी येतो, तोही कडेनं सटकतो. शेवटी ज्याला सगळे हलका समजत, तो शोमरोनी थांबतो आणि त्याच्या जखमा बांधतो.

दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत एका दाराशी एक माणूस पडलेला होता. मान खाली, डोळे मिटलेले. विद्यार्थी जवळून जायला लागला की तो दोनदा खोकायचा आणि कण्हायचा. अर्थात तो ठरवून बसवलेला होता.

खरी मेख निघतानाच्या एका वाक्यात होती. काहींना सांगितलं, ‘तिकडे तयारीला अजून थोडा वेळ आहे, पण निघालात तरी चालेल.’ काहींना, ‘तयारी झालीय, जा.’ आणि काहींना घड्याळाकडे बघत, ‘अरे, तुम्हाला उशीर झालाय, ते केव्हाचे खोळंबलेत!’

एकूण ४० जणांपैकी १६ जणांनी त्या माणसाची काही ना काही विचारपूस केली किंवा निदान पुढे जाऊन कुणाला तरी सांगितलं. ज्यांच्या हाताशी वेळ होता, त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. मधल्या गटातले ४५ टक्के. उशीर झालेल्यांतले फक्त १०. भल्या शोमरोन्यावर बोलायला निघालेले काही भावी पाद्री चक्क त्या माणसाला ओलांडून गेले. धर्माकडे कोण कशासाठी वळला होता याची प्रश्नावलीही त्यांच्याकडून भरून घेतलेली होती, पण कोण थांबेल आणि कोण नाही, याचा अंदाज तिच्यावरून बांधता आला नाही.

हा प्रयोग १९७३मध्ये छापून आला आणि तेव्हापासून तो सांगताना एक वाक्य हमखास जोडलं जातं: गोष्ट डोक्यात असूनही काडीचा फरक पडला नाही. हे वाक्य जरा जपूनच घ्यायला हवं. शोमरोन्याचा विषय मिळालेल्यांपैकी ५३ टक्के थांबले होते, नोकरीचा विषय मिळालेल्यांपैकी २९ टक्के. माणसं इतकी थोडी होती, की एवढी तफावत योगायोगानंही पडू शकली असती, म्हणून संशोधकांनी ती मोजली नाही. पुढे दोनच वर्षांत अँथनी ग्रीनवाल्ड यांनी ते आकडे नव्यानं तपासले आणि हरकत घेतली: फरक सिद्ध झाला नाही याचा अर्थ फरक नाही, असा होत नाही. मला त्यांचं पटतं. संस्कार वाया जातात असं त्या गल्लीतून सिद्ध होत नाही. घाई संस्कारांना भारी पडू शकते, एवढंच दिसतं. तेवढंही पुरेसं अस्वस्थ करणारं आहे.

त्याहून महत्त्वाचं निरीक्षण मात्र क्वचितच सांगितलं जातं. न थांबता पुढे गेलेले बरेच विद्यार्थी दुसऱ्या इमारतीत पोहोचले तेव्हा बेचैन होते. म्हणजे त्यांचं काळीज दगडाचं नव्हतं. पुढे त्यांची वाट बघत बसलेल्या माणसालाही त्यांनी शब्द दिलेला होता, आणि दोन कर्तव्यांच्या ओढाताणीत जे कर्तव्य आधी कानावर पडलं ते जिंकलं.

असंच काहीसं न्यूयॉर्कमध्ये आधी दिसलं होतं. १९६४च्या मार्चमध्ये क्वीन्स भागात किटी जेनोवीज या तरुणीचा रात्री खून झाला. ३८ शेजारी खिडकीतून बघत राहिले, अशी बातमी छापून आली. तो आकडा फुगवलेला होता. खुद्द ज्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं तो छापला, त्यानंही २०१६मध्ये बातमीतल्या चुकांची कबुली दिली. पण त्या बातमीमुळे डार्ली आणि बिब लाटाने कामाला लागले. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून गप्पा मारायला लावायच्या आणि मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवायचा, असा त्यांचा प्रयोग. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटत होतं, त्यांच्यातले ३१ टक्के. जे उठले नाहीत त्यांच्याही हातांना कंप सुटलेला होता, तळव्यांना घाम आलेला होता.

मराठीत ‘बघे’ हा शब्द आपण थुंकल्यासारखा वापरतो. प्रयोगशाळेतला बघ्या मात्र आतून हललेला निघाला. तो बाकीच्यांकडे बघत होता, आणि बाकीचे त्याच्याकडे.

गर्दी म्हणजे कायम निष्क्रिय, असं मात्र नाही. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी अॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनच्या रस्त्यांवरचं सीसीटीव्ही चित्रण पाहिलं. हमरीतुमरीच्या २१९ प्रसंगांपैकी दर दहांत नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. जितके लोक जास्त, तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त. रस्त्यावर माणसं एकमेकांना दिसतात. त्या विद्यार्थ्यांना बंद खोलीत नुसते आवाज ऐकू येत होते.

मला इथे २६ जुलै २००५ आठवते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. एरवी चौथ्या सीटसाठी कोपरं मारणारी मुंबई त्या रात्री अनोळखी माणसांना चहा-बिस्किटं देत होती, घरात झोपायला जागा देत होती. याला आपण ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हणतो. माझा संशय वेगळा आहे. त्या दिवशी लोकल बंद होत्या, रस्ते पाण्याखाली होते. कुणाला कुठे वेळेवर पोहोचायचंच नव्हतं. लाखो लोकांना एकदम कुणीतरी सांगितलं होतं, ‘अजून थोडा वेळ आहे.’

आपल्याकडे रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या आणि थांबू पाहणाऱ्याच्या मध्ये घड्याळापेक्षा मोठी भिंत होती. पोलीस केस. पंचनामा, जबाब, साक्षीसाठी कोर्टाचे खेटे. एक जुनं प्रकरण बघा: मोटारीनं उडवलेल्या स्कूटरस्वाराला एकानं रुग्णालयात नेलं. तिथे सांगण्यात आलं, की असल्या केसेस इथे घेत नाहीत, सुमारे २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. तो वाटेतच गेला. ही बातमी वाचून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि १९८९मध्ये न्यायालयानं बजावलं: आधी उपचार, कागदपत्रं नंतर. डॉक्टरांपुरता प्रश्न कागदावर तरी मिटला. उचलून आणणाऱ्याचं काय?

२००७मध्ये दिल्लीत पीयूष तिवारी यांच्या नात्यातल्या शाळकरी भावाला गाडीनं उडवलं. लोक जमले, पण वेळेत कुणी हात लावला नाही, आणि तो रस्त्याच्या कडेलाच गेला. तिवारींनी पुढच्या वर्षी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ काढलं. या संस्थेच्या २०१३च्या सर्वेक्षणात ७४ टक्के लोकांनी सांगितलं, की गंभीर जखमी दिसला तरी आपण मदत करण्याची शक्यता कमी. त्यांतल्या ८८ टक्क्यांनी कारण दिलं ते पोलीस आणि कोर्टाच्या झंझटीचं. माणसं निगरगट्ट झालीत, असं म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आकडा पुन्हा वाचावा.

संस्थेच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. मग २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. सद्‌भावनेनं मदत करताना काही कमीजास्त झालं तरी तुमच्यावर खटला नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. रुग्णालयानं अडकवून ठेवायचं नाही, उलट ही सगळी सनद दारात लावायची. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत याला बहुधा जागा मिळणार नाही. मला मात्र थांबणाऱ्या माणसाइतकंच, त्याला थांबणं परवडेल अशी सोय करणाऱ्याचं काम नैतिक वाटतं.

आणखी एक प्रयोग सांगायलाच हवा. आर्थर बीमन आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये छापलेला. काही विद्यार्थ्यांना बघ्यांवरच्या या संशोधनाची माहिती दिली आणि दोन आठवड्यांनी त्यांच्या वाटेत एक गरजू माणूस आणून ठेवला. माहिती असलेल्यांपैकी ४३ टक्क्यांच्या आसपास मदतीला गेले, नसलेल्यांपैकी २५. म्हणजे हे वाचून थोडा उपयोग होतो. किती, ते माझ्यावरून सांगतो.

मागच्या पावसाळ्यात सकाळी साडेनऊला माझ्या पुढ्यात एक आजोबा स्कूटरवरून घसरले. स्कूटर पायावर, चष्मा गटाराच्या जाळीवर. डार्ली आणि बॅटसनचे आकडे मला तेव्हा तोंडपाठ होते. मी गाडीचा वेग कमी केला, घड्याळ बघितलं आणि पुढे निघालो. दहा-बारा जण जमलेलेच होते की! मागून शहाळीवाला ओरडला, ‘‘ओ, लाल हेल्मेट! गाडी लावा आणि इकडे या!’’ त्याच्या हातात कोयता होता, पण मी वळलो ते कोयत्यामुळे नाही. लाल हेल्मेट तिथे माझ्या एकट्याच्याच डोक्यावर होतं. पुढचा हुकूम निळ्या छत्रीवाल्या बाईंना, ‘‘ताई, तुम्ही १०८ लावा.’’ कॉलेजातल्या पोराला, ‘‘तू वाहनं अडव.’’ मिनिटाभरात जो तो कामाला लागला. प्रथमोपचाराच्या वर्गात अगदी हेच शिकवतात, एकाकडे बोट दाखवून सांगा. शहाळीवाला त्या वर्गाला गेला असेलसं वाटत नाही. त्याला घाई नव्हती, एवढं खरं. त्याचं दुकान तिथेच होतं.

अँब्युलन्सला वेळ होता, म्हणून आजोबांना रिक्षात घालून मी आणि तो पोरगा जवळच्या रुग्णालयात गेलो. ती सनद तिथे दारात लावलेली होती. तिच्यासमोर घडी केलेल्या व्हीलचेअर एकावर एक टेकवून ठेवलेल्या, त्यामुळे खालच्या चार ओळी दिसत नव्हत्या. आजोबा शुद्धीवर होते, पाय मोडला होता, मुलाचा नंबर त्यांनी स्वतःच सांगितला. खिडकीतल्या बाईंनी वर न बघता वही माझ्याकडे सरकवली, ‘‘आणणाऱ्याचं नाव, मोबाइल नंबर.’’

नाव सांगायची सक्ती नाही, हे मला माहीत होतं. तसं बोलून दाखवलं नाही. नाव लिहिलं, नंबर लिहिला आणि शेवटचा आकडा तेवढा बदलला.