हजेरीत अडकलेलं नाव

कंडक्टर विचारतो, ‘कुठं?’ उत्तर आहे हर्सूल. पण ‘ह’ काही केल्या फुटत नाही. मागं रांग खोळंबलेली. मग सहज जमणाऱ्या अलीकडच्या थांब्याचं तिकीट काढायचं आणि उरलेली वाट चालायची. तोतरेपणा असलेल्यांची ही ठरलेली पळवाट. ‘मंगळवारी’ अडलं तर ‘परवा’ म्हणून निभावता येतं, पण स्वतःच्या नावाला असा दुसरा शब्द मिळत नाही. म्हणूनच कॉलेजच्या पहिल्या दिवशी ‘उभं राहून ओळख करून द्या’ म्हटलं, की घाम फुटतो.

पोरगा भित्रा आहे, असं आपण पटकन ठरवून टाकतो. ते चूक आहे. भीतीनं अडखळणं वाढतं, पण मूळ मेंदूत आहे. श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांची वेळ क्षणाच्या बारीक अंशात जुळावी लागते. ती जुळवणाऱ्या, विशेषतः डाव्या बाजूच्या, जोडण्यांमध्ये संशोधकांना फरक दिसला आहे. २०१० साली डेनिस ड्रेना यांच्या गटानं काही पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून तोतरेपणाशी निगडित जनुकीय बदलही शोधले. सगळ्यांचं कारण त्यात सापडत नाही, हेही खरं.

गंमत अशी, की हाच पोरगा हर्सूलच्या हर्सिद्धी मातेची आरती चारचौघांबरोबर खड्या आवाजात म्हणतो आणि कुठंही अडत नाही. सोबतीच्या आवाजानं आणि ठेक्यानं वेळ बाहेरून मिळते.

लहानपणी सुमारे ५ टक्के मुलं अडखळतात. बहुतेकांचं आपोआप थांबतं, मोठेपणी सुमारे १ टक्का उरतात, आणि त्यांत पुरुष बायकांच्या चौपट. म्हणजे शंभर-सव्वाशे जणांच्या वर्गात सरासरी एखादा तरी असतो. घरोघरी जिभेला वेखंड चोळून झालेलं असतं. त्यानं काही होत नाही, आणि ‘पंधरा दिवसांत खात्रीनं बरे’ या जाहिरातींनी तर मुळीच नाही. वाचा-उपचारतज्ज्ञ शब्दाची सुरुवात हळुवार करायला आणि अडखळणं न लपवता बोलायला शिकवतात. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत असे तज्ज्ञ घडतात.

प्राध्यापक मंडळींना एवढीच विनंती: ‘सावकाश बोल’ म्हणू नका, त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. नजर न वळवता थांबा. हजेरीला नुसता हात वर केला तरी चालेल, हे पहिल्याच तासाला साऱ्या वर्गाला सांगून टाका.