पाळीव कासवाचे आजार : मूळ कारण प्रकाश, पाणी आणि आहारात

मत्स्यालयाच्या दुकानात काचेच्या छोट्या भांड्यात पोहणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असे हिरवे पिलू अनेकांनी पाहिले असेल. मुलांच्या आग्रहामुळे, तर काही वेळा कासव घरात असणे शुभ असते या समजुतीमुळे ते घरी आणले जाते. मात्र यांपैकी बरीच पिले पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावतात. हे मृत्यू बहुतांशी टाळता येण्याजोगे असतात, कारण पाळीव सरीसृपांचे नेहमीचे आजार जंतूंपेक्षाही चुकीच्या निवाऱ्यातून आणि चुकीच्या आहारातून उद्भवतात.

‘रेड इअर्ड स्लायडर’ या नावाने ओळखले जाणारे हे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले आहे. योग्य काळजी घेतल्यास ते २० ते ३० वर्षे जगते आणि पूर्ण वाढलेल्या मादीचे कवच २५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही लांब होते. छोट्या भांड्यात ठेवल्यास कासव छोटेच राहते, हा समज चुकीचा आहे. अशा भांड्यात ते छोटे राहत नाही, तर आजारी पडते.

शरीराबाहेरची ऊब

सस्तन प्राणी आपल्या शरीराचे तापमान स्वतः राखतात. सरीसृपांना मात्र ही ऊब बाहेरून मिळवावी लागते. पचन, रोगप्रतिकार, जखम भरून येणे, इतकेच नव्हे तर दिलेल्या औषधाचा परिणाम होणे, या सर्व क्रिया तापमानावर अवलंबून असतात. म्हणूनच या कासवासाठी पाण्याचे तापमान साधारणपणे २४ ते २७ अंश सेल्सियस असावे आणि पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडे होता येईल असा एक उंचवटा असावा. त्या उंचवट्यावर दिव्याच्या उष्णतेने ३० ते ३२ अंश तापमान राखले जावे. एका जागी ऊब आणि दुसरीकडे गारवा असेल, तर कासव आपली गरज ओळखून स्वतःच जागा बदलते.

मुंबई किंवा चेन्नईसारख्या शहरांत वर्षातील बराच काळ हे तापमान आपोआप मिळते. दिल्ली, लखनौ, भोपाळ येथील हिवाळ्यात मात्र पाणी गार पडते आणि कासव खाणे सोडते. ‘ते हिवाळ्यात झोपते’ असे समजून अनेक जण त्याकडे दुर्लक्ष करतात. निसर्गात कासवे शीतनिद्रा घेतात हे खरे आहे. परंतु घरातील पाण्याचे तापमान धड उबदार नसते आणि शीतनिद्रेइतके थंडही नसते. अशा अवस्थेत पोटातील अन्न पचत नाही आणि प्रतिकारशक्ती खालावते. त्यामुळे थंड प्रदेशात पाणी तापविणारा हीटर आणि साधा तापमापक या दोन्ही वस्तू आवश्यक ठरतात. याउलट, उन्हाळ्यात बाल्कनीतील उन्हात ठेवलेली काचेची पेटी थोड्याच वेळात जीवघेणी तापते.

मऊ कवच आणि वाकडी हाडे

कासवाचे कवच हा बरगड्या आणि पाठीच्या कण्याशी जोडलेला जिवंत हाडांचाच भाग आहे. ते घट्ट राहण्यासाठी कॅल्शियम लागते आणि अन्नातील कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व त्वचेत तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील ‘यूव्हीबी’ प्रकारच्या अतिनील किरणांची गरज असते. हे किरण मिळाले नाहीत, तर शरीर हाडांतील कॅल्शियम वापरू लागते. कवच बोटाने दाबले असता लवते, त्याच्या कडा वर वळतात, पाय अशक्त होतात आणि पुढे चालणेही अवघड बनते. पाळलेल्या इग्वानांमध्येही हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यांचा जबडा सुजतो आणि पायांची हाडे सहज मोडतात.

येथे एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. खिडकीची काच प्रकाश आत सोडते, परंतु यूव्हीबी किरण जवळजवळ पूर्णपणे अडविते. त्यामुळे खिडकीजवळ ठेवलेल्या पेटीतील कासवाला ऊन दिसते, पण त्याचा हा लाभ मिळत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात, सावलीचा आडोसा असलेल्या टबमध्ये, देखरेखीखाली अर्धा तास ठेवणे हा साधा उपाय आहे. ते शक्य नसल्यास सरीसृपांसाठीचा यूव्हीबी दिवा वापरावा. हा दिवा प्रकाश देत राहिला तरी त्यातील यूव्हीबीचे प्रमाण काळानुसार घटते. म्हणून उत्पादकाच्या सूचनेनुसार साधारण सहा महिने ते एक वर्षाने तो बदलावा लागतो. बाजारात ‘समुद्रफेन’ या नावाने मिळणारा पांढरा तुकडा पाण्यात ठेवल्यास कासव तो कुरतडते आणि त्यातून कॅल्शियम मिळते.

सुजलेले डोळे

पाळीव कासवांबाबतची सर्वांत परिचित तक्रार म्हणजे डोळे सुजून बंद होणे. अनेक जण माणसांसाठीचे डोळ्यांचे थेंब घालून पाहतात. मात्र यामागे बहुधा ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असते. केवळ सुकी कोलंबी, सुकट किंवा मांसाचे तुकडे यांवर वाढविलेल्या पिलांत ती विशेष दिसते. डोळे मिटलेल्या कासवाला अन्न दिसत नाही. त्यामुळे ते खात नाही आणि न खाल्ल्यामुळे कमतरता आणखी वाढते. ‘अ’ जीवनसत्त्व अधिक प्रमाणात दिल्यासही विषारी ठरते, म्हणून त्याची मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

पिले प्रामुख्याने मांसाहारी असतात, तर वय वाढते तसे वनस्पतींचे प्रमाण वाढत जाते. कासवांसाठीचे संतुलित दाणेदार खाद्य, अधूनमधून लहान अख्खे मासे, तसेच किसलेले गाजर, लाल भोपळा आणि पालेभाज्या असा मिश्र आहार योग्य ठरतो. पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियमच्या शोषणात अडथळा आणते, म्हणून पालक रोज देऊ नये. दूध, पोळी, भात हे या प्राण्याचे अन्न नव्हे.

तिरके पोहणे धोक्याचे

नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, मान ताणणे आणि पोहताना एका बाजूला कलणे ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणे आहेत. एका फुफ्फुसात दाह झाल्यास शरीराचा तोल बिघडतो आणि कासव तिरके तरंगते. ही अवस्था न्यूमोनियाची असू शकते. अशा वेळी वाट पाहू नये.

अस्वच्छ पाणी आणि कोरड्या जागेचा अभाव यांमुळे कवच कुजण्याचा विकार होतो. कवचावरील पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटणे ही वाढीची नैसर्गिक क्रिया आहे. मात्र मऊ डाग, खळगे, दुर्गंधी किंवा रक्ताळ द्रव दिसल्यास ते कुजण्याचे लक्षण समजावे. कासव पाण्यातच खाते आणि पाण्यातच विष्ठा टाकते. त्यामुळे चांगला फिल्टर आणि पाण्याचा नियमित बदल यांना पर्याय नाही.

मादी कासव नर नसतानाही अंडी धरू शकते. ती अस्वस्थ होऊन मागच्या पायांनी उकरण्याची हालचाल करीत असेल आणि खात नसेल, तर तिला मातीने भरलेली खोल पेटी द्यावी. जागेअभावी अंडी पोटात अडकल्यास जिवावर बेतू शकते.

उपचारांबाबत सावधगिरी

कुत्रा-मांजरांची औषधे कासवाला देणे घातक ठरू शकते. जंतांसाठी आणि गोचिडांसाठी वापरले जाणारे ‘आयव्हरमेक्टिन’ हे औषध कासवांसाठी प्राणघातक आहे. कवचाला तडा गेल्यास डिंक किंवा रसायन लावू नये. जखम स्वच्छ ओल्या कापडाने झाकून, कासवाला पाण्याबाहेर ठेवून पशुवैद्यकाकडे न्यावे. सरीसृपांवर उपचार करणारे पशुवैद्यक सर्वत्र नसतात. अशा ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. जाताना पेटीचे छायाचित्र, आहाराची यादी आणि दिवा केव्हा बदलला याची नोंद सोबत न्यावी. निदान पुष्कळदा या तपशिलांतूनच होते.

मुलांचे आरोग्य

निरोगी दिसणाऱ्या सरीसृपांच्या आतड्यातही साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. माणसांत त्यामुळे ताप, जुलाब आणि काही वेळा गंभीर संसर्ग होतो. मुले छोटी कासवे तोंडात घालत असल्याने अमेरिकेत १९७५ मध्ये सुमारे १० सेंटिमीटरपेक्षा लहान कवच असलेल्या पाळीव कासवांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी कासव हाताळणे टाळावे. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि कासवाची पेटी स्वयंपाकघरातील मोरीत कधीही धुऊ नये.

कायदा काय सांगतो

भारतात आढळणारे तारा कासव घरी पाळणे हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यांसाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. इग्वाना, बॉल पायथन यांसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांतील परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांसाठी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणी आवश्यक आहे.

कासव मोठे झाले आणि सांभाळणे कठीण झाले, की ते जवळच्या तळ्यात किंवा मंदिराच्या कुंडात सोडले जाते. ही भूतदया नव्हे. स्लायडरची गणना जगातील १०० सर्वाधिक उपद्रवी आक्रमक प्रजातींत होते. ते स्थानिक कासवांचे अन्न आणि ऊन घेण्याच्या जागा बळकावते आणि रोगही पसरवू शकते. गुवाहाटी आणि त्रिशूर येथील जलाशयांत ही कासवे आढळून आली आहेत. सांभाळणे अशक्य झाल्यास वन विभागाशी किंवा प्राणी बचाव संस्थेशी संपर्क साधणे हाच योग्य मार्ग आहे.

एका २५ सेंटिमीटरच्या कासवासाठी सुमारे पावणेचारशे लिटर पाण्याची टाकी लागते, असा पालकांमध्ये प्रचलित हिशेब आहे. फिल्टर, दिवा, हीटर आणि किमान दोन दशकांची जबाबदारी त्यात मिळवावी लागते. दुकानातील पिलाची किंमत पाहण्यापूर्वी हा हिशेब मांडला गेला, तर अनेक कासवांचे प्राण वाचतील.