शेवटचं बिल देण्याआधी

ताई, तुमच्या ग्रामसंघाच्या शेडचं, नाहीतर घराच्या एखाद्या खोलीचं काम निघालं असेल, तर ठेकेदाराशी करार करण्याआधी हे वाचा.

आपल्याच एका ग्रामसंघाने शिवणकामासाठी खोली बांधली. स्लॅब पडला, प्लास्टर झालं, मे महिन्यात रंगही लागला. बायकांनी खुशीने सगळे पैसे चुकते केले. जूनमध्ये मशीनवर पाणी टपकायला लागलं. ठेकेदार आधी "येतो, येतो" म्हणाला, मग फोनच उचलेना. शेवटी वर्गणी काढून दुरुस्ती केली. चूक त्याची होतीच, पण त्याला परत यावं लागेल असं आपल्या हातात काही उरलं नव्हतं.

म्हणून मोठ्या बांधकामात प्रत्येक बिलातून थोडी रक्कम मागे ठेवतात. तिला रिटेन्शन म्हणतात. साधारण ५ ते १० टक्के. समजा काम ३ लाखांचं आहे. पाया-भिंती, स्लॅब, प्लास्टर-फरशी अशी एकेक लाखाची तीन बिलं. १० टक्के ठरले, तर दर बिलाला ९० हजार द्यायचे, १० हजार ठेवायचे. काम संपेपर्यंत ३० हजार जमतात. काम तपासून ताब्यात घेतलं की त्यातले निम्मे, म्हणजे १५ हजार द्यायचे. उरलेले १५ हजार ठरलेली मुदत संपल्यावर. मुदत एक वर्षाची ठेवा, म्हणजे मधे अख्खा पावसाळा जातो. गळती आणि ओल तेव्हाच कळते.

मुदतीत दोष निघाला तर आधी लेखी कळवायचं, दुरुस्तीला दिवस द्यायचे. तरी आला नाही तर दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं आणि पावतीएवढाच खर्च वजा करायचा. आपणच जड पेटी आपटून फरशी फोडली, तर तो त्याचा दोष नाही बरं का!

हे सगळं करारात आधीच लिहिलेलं हवं. काम झाल्यावर "थोडे नंतर देऊ" म्हटलं तर ते भांडणच.

आता आपली खरी अडचण. गटात पैसा दिसला की कुणीतरी कर्ज मागतंच. पण हे १५ हजार आपले नाहीत, ते ठेकेदाराचं देणं आहे. ते अंतर्गत कर्जात फिरवू नका. बँकेत ठेवा आणि हिशोबात "देणे" म्हणून दाखवा. छोट्या मिस्त्रीचा सगळा नफा तेवढाच असू शकतो.

आणि हे कापणं ठेकेदाराच्या बिलातून असतं, मजुरांच्या रोजातून नाही. तुमच्या घरातलं कुणी बांधकामावर जात असेल आणि "मालकाने माझे पैसे अडकवलेत" म्हणून ठेकेदार मजुरी थांबवत असेल, तर ऐकून घेऊ नका. केलेल्या कामाची मजुरी त्याला द्यावीच लागते.

पैसे परत करायची तारीख ठराव वहीत लिहा. त्या महिन्याच्या बैठकीआधी खोली एकदा पाहून या, आणि सगळं ठीक असेल तर त्याने मागायच्या आधी चेक तयार ठेवा.