जानेफळची कॉफी, जायफळाशिवाय

मराठी घरात कॉफी म्हटली, की दुधाचे पातेले गॅसवर चढते. त्यात चमचाभर पूड पडते, साखर पडते आणि शेवटी जायफळ किसणीवर दोनदा फिरवले जाते. चहा रोजचा, कॉफी मानाची. लग्नघरात पहाटे, मुलगी पाहायला आलेल्या मंडळींपुढे, नाहीतर चहा सोडलेल्या वडील माणसांसाठी ती व्हायची. कॉफी झोप उडवते आणि जायफळ झोप आणते, अशी आपली समजूत. तरी या दोघांना एकाच कपात नांदवण्याचे धाडस आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत!

आज जिच्याविषयी सांगायचे आहे त्या कॉफीत जायफळ नाही, वेलदोडा नाही, आणि दूधही आपल्या नेहमीचे नाही. ती आहे व्हिएतनामची बर्फाची कॉफी. आणि ती मी करते कुठे, तर बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळ गावी.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना जानेफळ चटकन आठवणार नाही. लोणारचे सरोवर मात्र ठाऊक असते. लोणारच्या शेजारचा तालुका मेहकर, आणि त्या तालुक्यातले आमचे गाव. भोवती कापूस, तूर, सोयाबीन. कॉफीचे झाड इथे औषधालाही सापडायचे नाही. महाराष्ट्रात कॉफीचे मळे पाहायचे तर विदर्भातच, पण वर मेळघाटात चिखलदऱ्याला जावे लागते.

“मग हे खूळ तुला सुचले कुठून?” असे माझ्या एका पुण्याच्या मैत्रिणीने विचारले. खरे सांगायचे, तर ते कॉफीपायी सुचलेच नाही, दुधापायी सुचले. आमच्या दावणीला दोन म्हशी. वऱ्हाडचा उन्हाळा असा, की पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि दिवाळीतसुद्धा दुपारचे ऊन अंगाला चटके देते. त्यात वीज गेली, की फ्रीज म्हणजे नुसते पांढरे कपाट! तापवून ठेवलेले दूध सकाळी फाटलेले दिसले, की जीव कसा हळहळतो ते ज्याच्या घरी दुभते आहे त्यालाच कळेल. पनीर करावे, खरवडून बर्फी करावी. पण रोज किती करणार?

अशातच भाच्याने व्हिएतनामच्या प्रवासाहून एक पत्र्याची इवलीशी गाळणी आणून दिली, आणि तिच्याबरोबर या कॉफीची हकिकत सांगितली. ती ऐकली तेव्हा वाटले, अरे, ही तर आपल्याच घरातली अडचण!

दूध नसलेल्या देशाची युक्ती

व्हिएतनाममध्ये कॉफीचे रोप नेले ते फ्रेंच पाद्र्यांनी, १८५७ च्या सुमारास. म्हणजे आपल्याकडे मीरत-कानपूरला बंड पेटले होते त्याच दिवसांत. मागोमाग फ्रेंचांचे राज्यही तिथे आले. फ्रेंच माणसाला सकाळी कॉफीत दूध हवे. पण त्या मुलखात रेडे-म्हशी चिखलणीला जुंपायच्या. दुभत्याची आपल्यासारखी रीत नव्हती. शिवाय हवा उष्ण आणि दमट. दूध आणावे कुठून, आणि आणले तरी टिकावे कसे?

तिकडे अमेरिकेत गेल बोर्डेन नावाच्या गृहस्थांनी दूध आटवण्याच्या रीतीचे पेटंट १८५६ साली मिळवले होते. साखर घालून आटवलेले हे डब्यातले दूध तिथल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैन्याच्या फार उपयोगी पडले, आणि पुढे जगभर गेले. आपला मुरांबा वर्षभर ज्या कारणाने टिकतो, त्याच कारणाने हे दूध टिकते. साखर पाणी धरून ठेवते आणि जंतूंना वाढायला ओल उरत नाही. व्हिएतनाममध्ये कॉफीत हेच दूध पडू लागले. उन्हाळी देश, म्हणून वर बर्फ आला.

तिथल्या भाषेत तिचे नाव ‘का फे सुआ दा’. ‘का फे’ म्हणजे कॉफी, ‘सुआ’ म्हणजे दूध, आणि ‘दा’ म्हणजे बर्फ. गंमत अशी, की ‘दा’ म्हणजे दगडही! आपल्याकडे नाही का, आभाळातून पडते तीही गार आणि चकमकीचा दगड तोही गार!

टंचाईतून नवा पदार्थ काढण्याची या लोकांना हातोटीच असावी. १९४६ साली हनोईत दुधाची ओढ पडली, तेव्हा तिथल्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या एका माणसाने अंड्याचा बलक साखर घालून फेसला आणि तो कॉफीवर घातला. ती अंड्याची कॉफी हनोईत आजही मिळते.

पूड कोणती घ्यावी?

कॉफीच्या दोन मुख्य जाती. अरेबिका नाजूक आणि सुवासिक. रोबस्टा कणखर आणि कडू. व्हिएतनाममध्ये पिकते ती बहुतेक रोबस्टाच. १९८६ साली तिथल्या सरकारने आर्थिक धोरण बदलले, त्यानंतर मध्य भागातल्या पठारावर इतकी लागवड झाली, की आज कॉफीच्या उत्पादनात ब्राझीलखालोखाल त्यांचाच नंबर लागतो. पण म्हणून व्हिएतनामचीच पूड मागवायला हवी असे नाही. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीतही रोबस्टाच जास्त. वायनाड आणि कोडगू हे तिचे माहेर. गडद भाजलेली रोबस्टा, नाहीतर रोबस्टा जास्त असलेले मिश्रण टपालाने आमच्या जानेफळलासुद्धा येते.

पाकिटावरची अक्षरे मात्र वाचून घ्या. कॉफीत चिकोरी मिसळलेली असेल, तर तिचे प्रमाण छापावे लागते. चिकोरी हे एक मूळ. भाजून दळले की रंग आणि दाटपणा देते, तरतरी देत नाही. या कॉफीला बिनचिकोरीची पूड उत्तम.

घरचे आटीव दूध

विकतचा डबा आणला तर प्रश्नच मिटला. पण घरी दूध असेल तर असे करावे. म्हशीचे एक लिटर दूध जाड बुडाच्या कढईत घ्यावे. उकळी आली की २०० ग्रॅम साखर आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. सोड्याने दूध फाटत नाही. आच मंद ठेवून सारखे ढवळत राहावे. बासुंदीला आपण साय धरू देतो. इथे ती धरू द्यायची नाही, नाहीतर कॉफीत सायीचे तुकडे तरंगतात. आटून सुमारे ४०० मिलिलिटर उरले की उतरवावे. गरम असताना पातळ वाटते, पण निवल्यावर मधासारखे होते. गाळून, कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावे आणि आठवड्यात संपवावे. कारखान्यातल्या बंद डब्याइतके ते टिकत नाही; पण लिटरभर दुधापेक्षा अधिक दिवस नक्की काढते, आणि जागाही कमी अडवते.

थेंबे थेंबे

त्या इवल्या गाळणीला ‘फिन’ म्हणतात. पेल्यावर ठेवायची भोके असलेली बशी, तिच्यावर तळाला बारीक भोके असलेले भांडे, पूड दाबायची चकती आणि झाकण, असे तिचे चार भाग. दक्षिणी पद्धतीचे पितळी किंवा स्टीलचे फिल्टर घरी असेल तर तेही चालेल. त्याला वेळ जास्त लागतो, एवढेच. दोन्ही नसतील तर पूड गरम पाण्यात चार मिनिटे झाकून ठेवावी आणि दाट फडक्यातून गाळावी.

एका माणसासाठी प्रमाण असे: पूड २० ग्रॅम, म्हणजे पोहे खायचे तीन-चार सपाट चमचे, पाणी १०० मिलिलिटर, आटीव दूध दोन मोठे चमचे. जाड काचेच्या पेल्यात आधी दूध घालावे. फिनमध्ये पूड सारखी करून चकती हलकेच ठेवावी. उकळी आलेले पाणी अर्धा मिनिट थांबवून त्यातले दोन-तीन चमचेच आधी घालावे. पूड भिजून फुगली की उरलेले पाणी ओतून झाकण लावावे. मग थेंब पडू लागतात. पाच मिनिटांत सारे उतरले तर सगळे जमले. धार लागली तर पूड जाड आहे. थेंबच अडला तर ती फार बारीक आहे किंवा चकती घट्ट बसली आहे. शेवटी चांगले ढवळून बर्फाने भरलेल्या दुसऱ्या पेल्यात ओतावे.

पहिल्यांदा हा थाट पाहून आमच्या सासूबाई म्हणाल्या, “अवं, एवढ्या वेळात तं तुरीची दाळ शिजते!” पण त्या पाच मिनिटांत करायचे काही नसते, म्हणून त्या माझ्याशी बोलत बसल्या. आता दुपारची ती वेळ आमची ठरूनच गेली आहे. चहा करताना मी स्वयंपाकघरात आणि त्या ओसरीवर. इथे मात्र दोघी पेल्याशेजारी.

बर्फ आणि खबरदारी

बर्फ घरचाच हवा, उकळून निववलेल्या पाण्याचा. बाजारातली लादी बहुधा मासळी किंवा माल थंड ठेवण्यासाठी केलेली असते. असा न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ साली महाराष्ट्रात लागू झाला. निळसर बर्फ दिसला की दुरूनच नमस्कार करावा. शिल्लक कॉफीचेच खडे गोठवून ठेवले तर आणखी चांगले. ते विरघळले तरी पेला पाणचट होत नाही.

दुसरी खबरदारी अशी, की रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. तेव्हा ही कॉफी मुलांना देऊ नये, आणि मोठ्यांनीही संध्याकाळनंतर घेऊ नये. दोन मोठे चमचे आटीव दुधात चहाचे चार-पाच चमचे साखर येते, हेही मधुमेही मंडळींनी ध्यानात ठेवावे. सासूबाईंना मी अर्धाच चमचा दूध घालते. कडू लागते म्हणून त्या कुरकुरतात, आणि पेला मात्र रिकामा करतात. त्यांच्या पेल्यावर जायफळही किसावे लागते. व्हिएतनामच्या लोकांनी त्याबद्दल राग मानू नये!

यंदा भाऊबीजेला दुपारी पाहुणे येतील. चकली, चिवडा, करंज्या खाऊन तोंड तेलकट-तुपकट झाले की गोड सरबत नकोसे होते. तेव्हा ही कडवट, गार कॉफी लहानशा पेल्यांतून द्या. मोठे ग्लास काढू नका. ही घोट घोट घ्यायची असते. सहा माणसांसाठी अर्क तासभर आधी काढून झाकून ठेवला तरी चालतो. एक फिन मात्र बाहेर मांडून ठेवा. थेंब पडताना भाऊ नक्की विचारील, “हे काय गं?” आणि पाच मिनिटे का होईना, हातातला मोबाइल खाली ठेवून तुमच्याजवळ बसेल.